लाल दांडी

४ मार्च, सोमवार

ही डायरी फुकटची आहे. तीन दिवसांच्या शिबिरात मिळाली. वर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'माणसं समजून घ्या, माणसं सांभाळा'. अकरा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, आता म्हणे माणसं सांभाळा. चादरी बऱ्या होत्या. उलटून बोलत नव्हत्या.

आजपासून मी लाँड्रीची सुपरवायझर. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुतल्या जातात, मग गरम रोलरमधून जातात. एका बाजूने दोघी जणी ओली चादर आत घालतात, पलीकडच्या टेबलावर चौघी घडी करतात. दिवसाला चोवीसशे होतात. साहेबांना तीन हजार हव्यात, तेही महिन्याभरात. "झाल्या तर कायम, नाहीतर परत टेबलावर," म्हणाले आणि लाल कोट हातात ठेवला. मी आधीच उंच आणि काडी. कोट कोपरापर्यंत आणि कमरेपर्यंत, बस्स.

केबिनमधून बाहेर येते न येते तोच रोलरवरून ठसका-मावशी ओरडली, "अगं ए पोरी, तो पंखा लाव गं जरा!" साहेब माझ्या मागेच उभे. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, म्हणजे नीट ऐकलं. ठसका-मावशी आमच्यातली सगळ्यात जुनी. बोलायच्या आधी दोनदा खोकते, म्हणून हे नाव. तिच्या जोडीला रोलरवर माझी सख्खी नणंद. ती तोंडावर हात ठेवून हसत होती. मी पंखा लावला. लावायला नको होता.

६ मार्च, बुधवार

शिबिरातले सर म्हणाले होते, 'कालपर्यंत ज्यांच्यात बसलात त्यांच्यावर काम करायचं असेल, तर आधी अंतर ठेवा.' आज नोटीस लावली. एक: सुपरवायझरला 'मॅडम' आणि 'आपण' म्हणावे. दोन: तोंडी तक्रार घेतली जाणार नाही, लेखी लिहून पेटीत टाकावी. पेटी भिंतीवर ठोकून घेतली. किल्ली एकच, माझ्या गळ्यात.

सगळ्या जणी नोटिशीसमोर उभ्या राहून मोठ्याने वाचत होत्या. ठसका-मावशीने दोनदा खोकून विचारलं, "मॅडम, आपण परवानगी दिलीत तर आम्ही आपल्यासमोर खोकावं का?" खीः खीः खीः. हसा लेको. महिन्याने बघते.

घरीही तेच. जेवताना नणंद म्हणते, "आपण अजून घेणार का?" आमचे हे बघतच राहिले. "हे काय नवीन?" तर ही म्हणते, "मॅडमची नोटीस आहे, दादा." एरवी हीच 'अगं वहिनी, तू ना' करत माझ्या गळ्यात पडायची. आणि बोटं सतत ताटाच्या कडेवर नाचवत असते, टकटक टकटक. एप्रिलच्या सहा तारखेला तिची टायपिंगची परीक्षा आहे. पास झाली की कुठल्यातरी ऑफिसात खुर्ची आणि रोलरला कायमचा रामराम. चांगलं आहे. पण डोकं उठतं त्या टकटकीने.

७ मार्च, गुरुवार

पेटी उघडली. तीन चिठ्ठ्या, एकीवरही नाव नाही.

'मॅडम, आपल्या कोटाला कापड कमी पडलं का?'

'आपण आपल्याला आपण म्हणवून घेता तेव्हा आपल्याला कसं वाटतं?'

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.'

पहिल्या दोन फाडल्या. तिसरी फाडवेना. अकरा वर्षं ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांना मी काळ. यांच्यातली एक जरी सुपरवायझर झाली असती ना, मला टेबलाखाली बसवलं असतं. जळतात नुसत्या.

११ मार्च, सोमवार

शिबिरातलं एक वाक्य मी तेव्हाच लिहून घेतलं होतं: 'माणूस एकच गोष्ट पुन्हापुन्हा करत असेल, तर त्यामागचं कारण शोधा.' आज शोधलं.

रोलरच्या तोंडाशी एक लाल पट्टी असते. हात आत जायला लागला की तिला धक्का बसतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. कागदोपत्री तिचं नाव 'सेफ्टी बार'. आम्ही टेबलवाल्या नुसतं 'ब्रेक' म्हणायचो. त्या बाजूला आमचं काही काम नव्हतं. तर सकाळी काम सुरू करताना तिला एकदा हात मारून बघायचं, मशीन थांबतंय ना, एवढीच रीत. पण या दोघी, ठसका-मावशी आणि माझी नणंद, दिवसभर हात मारत असतात! मी केबिनच्या काचेतून मोजलं. चौदा वेळा. फटका मारायचा, एकमेकींकडे बघायचं, परत चालू. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट गेलं. कधी कधी तर एकदा मारून समाधान होत नाही, दोनदा मारतात.

खाली जाऊन विचारलं, काय चाललंय. मावशी म्हणाली, "मॅडम, आपल्याला तोंडी सांगायचं नाही अशी नोटीस आहे." सगळा हॉल हसला. नणंद हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती. पण बोलली तीही नाही.

कारण उघड आहे. तीन हजार होऊ द्यायच्या नाहीत, मला तोंडावर पाडायचं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी तिथल्या तिथे हुकूम दिला: सकाळी एकदा, पुन्हा हात लागला तर अर्ध्या दिवसाची रजा लावीन.

दुपारी दोन तास दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दाढ ठणकतेय. सगळा राग तिथेच साठलाय बहुतेक.

१२ मार्च, मंगळवार

पेटीत एकच चिठ्ठी. मोठाल्या वाकड्या अक्षरांत:

'लाल दांडी दांडी मारते. कोणी बघणार आहे का?'

वा! लाल कोट, उंच काडी, झालं नाव तयार. आणि काल दोन तास दाढ दाखवायला काय गेले, ती यांची दांडी! स्वतः महिन्यातून चारदा पोट दुखतं म्हणून घरी बसतात, तेव्हा कोणी दांडी मारत नाही.

मी चिठ्ठी हातात धरून हॉलच्या मध्यावर उभी राहिले आणि विचारलं, "लाल दांडी कोणाला म्हणता? समोर येऊन म्हणा!" आधी कोणाला काही कळलं नाही असं तोंड केलं सगळ्यांनी. मग टेबलावरच्या एकीने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि अशी हसली, अशी हसली की घडी हातातून सुटली. मग सगळ्याच. मावशीला तर ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

घरी नणंद म्हणाली, "वहिनी, ती दांडी म्हणजे..."

मी म्हटलं, "घरात कामाचं नाही. लेखी दे."

"ठीक आहे. उद्या टाकते."

"टाक. बघू."

पण आता बघायचं नाही, मी ठरवलंय. स्वतःच्या शिव्या स्वतः किल्लीने उघडून वाचायच्या, एवढी काही मी वेडी नाही. पेटी टांगलेली राहू दे. साहेबांना दाखवायला बरी आहे.

१५ मार्च, शुक्रवार

सव्वीसशे चाळीस. चढतोय आकडा.

मिस्त्रीसुद्धा त्यांना सामील. सगळ्या मशीन तोच बघतो, मितभाषी, मला वाटलं हा तरी सरळ असेल. आज केबिनमध्ये येऊन डोकं खाजवत म्हणतो कसा, "मॅडम, दांडीचं काय करायचं? काढू का?"

मी म्हटलं, "काढून दाखव!"

"आपली सही लागेल. आणि अर्धा दिवस काम बंद ठेवावं लागेल."

बघा, संप! मला काढण्यासाठी संप, आणि वर त्यावर माझीच सही! मी त्याला असं फैलावर घेतलं की बिचारा दारातच अडकला. "काय सांगायचं ते लेखी द्या," म्हटलं. जाताना पुटपुटला, "ह्या बाईला काय झालंय." ऐकू आलं मला.

संध्याकाळी साहेबांना सांगितलं, हॉलमध्ये संपाची कुजबुज आहे. ते म्हणाले, "तू आकडा बघ. माणसं ओरडतातच." पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं. रडूच येणार होतं.

१९ मार्च, मंगळवार

सत्तावीसशे ऐंशी. हॉलमध्ये कोणी बोलत नाही. पूर्वी हसून हसून कान किटायचे, आता नुसता रोलरचा आवाज. मी गेले की माना खाली. डबा मी केबिनमध्ये एकटी खाते. पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं.

पेटी इतकी भरली आहे की चिठ्ठ्या फटीतून बाहेर डोकावतात. फूटपट्टीने आत ढकलल्या. हात दुखत नाही का यांचा लिहून लिहून?

२० मार्च, बुधवार

नणंदेने आज केबिनमध्ये येऊन अर्ज दिला. हातात, पेटीत नाही. 'परीक्षा होईपर्यंत मला रोलरवरून काढून घडीच्या टेबलावर द्यावे. बोटे जपायची आहेत.'

मला हसू आलं. रोलरची धग सोडून टेबलावर यायचं आहे बाईसाहेबांना. उद्या सगळ्या म्हणतील, बघा, घरच्या माणसाला मऊ काम दिलं. आणि रोलरवर तिच्याइतका वेगाचा हात कोणाचा नाही. ती हलली तर आकडा हलला. मी अर्जावर लिहिलं, 'नामंजूर', आणि तोंडाने म्हटलं, "बोटं सगळ्यांनाच आहेत."

ती अर्ज चार घड्या करून घेऊन गेली. घरी आज टकटक नव्हती.

२१ मार्च, गुरुवार

तीन हजार दहा!!

साहेबांनी हात मिळवला. सोमवारी कायमचं पत्र देतो म्हणाले. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. बहिणीकडे बघत. ती न जेवताच उठली. आपलेच दात, आपलेच ओठ. मला एकदा तरी शाबास म्हणायला काय जातं यांचं?

२२ मार्च, शुक्रवार



सकाळी ठसका-मावशीचा हात फार सावकाश चालला होता. प्रत्येक चादरीला हात लांबच ठेवायची, टोक नीट आत लोटायचीच नाही. मी म्हटलं, "सरका, मी दाखवते." लाल कोट काढून तिच्या जागी उभी राहिले. दहाबारा चादरी झरझर गेल्या. मग एकीचं टोक दुमडलं. सरळ करायला मी हात पुढे घातला आणि चादरीबरोबर बोटं आत जायला लागली. मनगट पट्टीवर दाबलं, जोर लावून दाबलं. मशीन थांबलं नाही.

"अगं वहिनी, हात! हात काढ गं!"

तिने माझं मनगट धरून ओढलं. मी मागे पडले. माझं नख तेवढं भाजलं. तिचा उजवा हात चादरीत गुंडाळून आत गेला होता.

मिस्त्रीने धावत जाऊन मेन स्विच पाडला. किती वेळ लागला मला माहीत नाही. ती किंचाळत होती आणि मावशी तिला मागून कवटाळून म्हणत होती, "तरी सांगत होतो, तरी सांगत होतो."

२३ मार्च, शनिवार

तीन बोटं भाजली. मधलं चेपलंय. डॉक्टर म्हणाले, राहील, पण पूर्वीसारखं वाकणार नाही. मी विचारलं, टायपिंग? ते म्हणाले, "आत्ता ते विचारू नका."

खोलीत मला बसायला स्टूलसुद्धा आमच्या ह्यांनी पुढे केलं नाही. तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "आपण घरी जा."

मी घरी गेले नाही. लाँड्रीत गेले, हॉल रिकामा होता, आणि पेटी उघडली.

सदतीस चिठ्ठ्या. शिव्या सात. बाकीच्या तीस दांडीच्या. त्या रोलरवाल्या तिला लाल दांडी म्हणतात. पट्टीला.

'लाल दांडी पाचातून एकदा थांबवत नाही.' 'लाल दांडीचं स्प्रिंग गेलंय, मशीन अर्धा दिवस बंद ठेवून दांडी काढावी लागेल, सही द्यावी. — मिस्त्री.' 'तपासायला हात मारतो तर आपण रजा लावता, मग तपासायचं कसं?' ही मावशीची. मोठाली वाकडी अक्षरं.

आणि नणंदेच्या तीन. तिचं अक्षर मला झोपेतही ओळखू येईल. तारखेने लावल्या.

'अगं वहिनी, लाल दांडी म्हणजे तू नाहीस गं वेडे! रोलरची पट्टी. हात मारला तरी कधी कधी थांबत नाही. बघ ना लवकर.'

'वहिनी, अजून बघितलं नाही. मला भीती वाटते. बघा.'

'माननीय सुपरवायझर मॅडम यांस, लाल दांडीबाबत यापूर्वी दोनदा कळवले आहे. तरी आपण लक्ष घालावे ही नम्र विनंती.'

मी जमिनीवर बसून ओरडून रडले. माझी लायकी काय आहे ते मला कळलं, आणि ते कळायला तिचा हात जावा लागला.

२४ मार्च, रविवार

साहेब घरी आले. आमचे हे हॉस्पिटलात होते. साहेब चहाही न घेता म्हणाले, उद्या तपासणी अधिकारी येणार आहे. मी सांगायचं की कामगार बाईने नियम मोडून चालू मशीनमध्ये हात घातला. मी पेटीचं सांगितलं.

"तू वाचल्याच नव्हत्यास ना?"

"नाही."

"मग त्या नाहीतच. किल्ली एकच आहे. चूल पेटव आणि विषय संपव. कायमचं पत्र माझ्या खिशात आहे."

खरं लिहिते, कारण इथे तरी लिहायला हवं. मी हो म्हणाले. ते गेल्यावर काल घरी आणलेल्या चिठ्ठ्या ओट्यावर ठेवल्या. काडी पेटवली. पत्र मला हवं होतं, अजूनही हवं आहे. अकरा वर्षं उभी राहिले आहे मी, माझ्या पायांच्या शिरा बघा. पण सगळ्यात वर तिची पहिली चिठ्ठी होती. 'तू नाहीस गं वेडे.' काडीने बोट भाजलं तेव्हा विझवली. एवढ्याशा चटक्याने मी केवढी किंचाळले.

२५ मार्च, सोमवार

अधिकाऱ्यासमोर चिठ्ठ्या ठेवल्या, पेटी ठेवली, किल्ली ठेवली, नोटीस ठेवली, नामंजूर केलेला अर्जही. तो मी तिच्या डब्याच्या पिशवीतून काढून घेतला. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मीच त्यांचा हात रोलरमध्ये घातला.

अधिकाऱ्याने विचारलं, "आपण या का वाचल्या नाहीत?"

"शिव्या असतील म्हणून."

"होत्या?"

"होत्या. सात."

"आणि मिस्त्री तोंडी सांगायला आला होता, तेव्हा?"

"मला वाटलं, मलाच काढतायत."

तो हसला नाही. लिहून घेतलं. रोलरला सील लागलं. साहेबांच्या वरच्यांना नोटीस गेली. दुपारी साहेबांनी माझा लाल कोट मागून घेतला. म्हणाले, "टेबलावर जागा आहे म्हणून ठेवतोय. उपकार समज."

मी म्हटलं, "उपकार लेखी द्या." जीभ काही सुधारायची नाही माझी.

२८ मार्च, गुरुवार

टेबलावर आज पहिला दिवस. रोलर सीलबंद, म्हणून उन्हात वाळवलेल्या चादरींच्या घड्या चालल्यात. कोणी बोललं नाही. डबा उघडला तर दोघी जणी उठून पलीकडे जाऊन बसल्या. बसू देत. मी असते तर मीही उठले असते, आणि दोन शब्द सुनावूनही गेले असते.

चारच्या सुमारास ठसका-मावशीने मला कोपराने ढोसलं. दोनदा खोकली. "सरक गं. सगळं टेबल काय तुझ्या बापाचं आहे?"

मी सरकले. त्या शुक्रवारनंतर मला कोणी 'गं' म्हटलं नव्हतं.

८ एप्रिल, सोमवार

परवा परीक्षा होऊन गेली. तिच्याशिवाय. त्या सकाळी ती खिडकीशी बसून होती, बँडेजचा हात मांडीवर, आणि डाव्या हाताची बोटं खिडकीच्या चौकटीवर. टकटक. मध्ये थांबायची, उजव्या हाताची जागा आली की.

घरी येऊन तिला दहा-बारा दिवस झाले. मी वेणी घालते, ताट वाढते, औषध देते. ती "आपण राहू द्या" म्हणते. "आपण कशाला त्रास घेता" म्हणते. आमचे हे समजावायला गेले तर त्यांना म्हणाली, "दादा, तू मध्ये पडू नकोस." खरं आहे तिचं. एकेक 'आपण' मला चटक्यासारखा लागतो, आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे.

तोंडाने माफी मागायचा चारदा प्रयत्न केला. चारही वेळा ती उठून गेली. आज सकाळी उठल्या उठल्या लेखी दिली. कागदाचं चिठोरं, तिच्या औषधाच्या डबीखाली. एकच शब्द: 'चुकले.'

संध्याकाळी माझा रिकामा डबा धुवायला काढला, तर वरच्या कप्प्यात तेच चिठोरं. सकाळी मी निघायच्या आधीच तिने वाचून, लिहून, डब्यात घातलं होतं. वरचा कप्पा रिकामाच असतो, म्हणून जेवताना मी तो उघडलाच नव्हता. मागच्या बाजूला डाव्या हाताची, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं:

'तक्रार लेखी मिळाली. बघू'

'बघू'च्या पुढे आणखी काहीतरी आहे. 'गं' असावा. शाईचा डागही असेल, पेन तिला नीट धरता येत नाही. मी दिव्याखाली धरून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. तिला विचारणार नाही. उद्यापासून डब्याचे सगळे कप्पे उघडून बघायचे.